टेकू कुठाय?

दुपारी भट्टी विझली की आमची गल्ली पेंगते. खाली दुकान, वर दोन जिने चढून आमच्या खोल्या. इथे सेलममध्ये जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम चालतं. त्याला आम्ही गलाई म्हणतो, आणि त्या कामावर आमच्या सातारा-सांगलीकडची पुष्कळ माणसं आलेली आहेत. जेवणं आटोपली की मी फरशीवर आडवी होते. त्या गुंगीत तमिळ आणि मराठी एकमेकींत मिसळतात. खालून कुणी गिऱ्हाइकाला 'वांगो', म्हणजे 'या', म्हणतं, मला ते 'वांगं' ऐकू येतं, आणि त्या वांग्यामागून आमच्या माळावरची सगळी दुपार चालत येते. पिवळं गवत, मेंढरांच्या खुरांची धूळ, तापलेला शाळेचा पत्रा. मग अगदी कानाशी कुणीतरी विचारतं, "टेकू कुठाय?"

मी दचकून उठते. गॅस बंद आहे का बघते, दाराची कडी बघते, परत गॅस बघते. घोर लावून घ्यायचा माझा स्वभावच. पण टेकू विचारणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच. शाळेतल्या देशमाने बाई.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वाईहून सुनंदाचा फोन आला. सुनंदा म्हणजे बाईंच्या भाच्याची बायको. म्हणाली, "आत्यांची उजवी बाजू गेली. शब्द फार थोडे येतात. पण उठवायला गेलं की डाव्या हाताने ढकलतात आम्हाला. मी उठेन म्हणतात, आणि उठता तर येत नाही. दिवसभर छताकडे बघत पडून असतात. सारखं 'कप्पी, कप्पी' म्हणतात. त्यांच्या डायरीत तुमच्या नावापुढे 'कप्पी' लिहिलंय, म्हणून फोन केला. काय असतं हे?"

मी सांगितलं, विहिरीवर असते ती. एवढंच सांगता आलं. सगळ्या गावाला उचलून दाखवणाऱ्या बाई स्वतः उठून बसू शकत नाहीत, हे चित्र डोक्यात मावेना.

बाई मूळच्या वाईच्या, कृष्णेच्या घाटावर लहानाच्या मोठ्या झालेल्या. नोकरीला आल्या आमच्याकडे, म्हसवडच्याही पुढे पूर्वेला, जिथे नदी म्हणजे वाळूचा रस्ता. वजन चाळीस किलो. ते त्या स्वतःच सांगत, भौतिकशास्त्राच्या तासाला माप म्हणून. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, खांद्याच्या पिशवीत खडूंच्या जोडीला काहीतरी लोखंडी. चालताना ती पिशवी वाजायची, त्यामुळे बाई येताहेत हे वर्गाला आधीच कळे. आल्या तेव्हा अगदी शुद्ध बोलत, पोरं ऐकून हसत. दोन-तीन वर्षांत 'हाय', 'न्हाई' म्हणायला लागल्या. फळ्यावर मात्र 'आहे'च लिहीत. "बोलायचं तुमचं, लिवायचं पुस्तकाचं," म्हणत. मी हे लिहितेय तेही त्यांच्याच त्या नियमाने.

लग्न केलं नाही. गावात कुणी विचारलं नाही, पण माझ्या आईला राहवलं नाही. तिने एकदा विचारलंच. बाई म्हणाल्या, "टेकू घावला न्हाई." आणि बशीतला चहा शांतपणे प्यायल्या.

साध्या यंत्रांचा धडा सुरू झाला त्या दिवशी त्यांनी वर्ग मैदानात नेला. एक लांबलचक जाड फळी, तिच्याखाली वरवंटा आडवा. पी.टी.चे पवार सर फौजेतनं निवृत्त होऊन आलेले, शंभर किलोचा ऐवज, मिशा वेगळ्या.

"सर, जरा हितं हुबं ऱ्हावा," बाई म्हणाल्या.

"कशापायी?"

"धड्यापायी."

सर फळीच्या जवळच्या टोकावर उभे राहिले. बाई पलीकडे गेल्या. ते टोक गुडघ्याएवढं वर आलेलं. स्टुलावर चढून त्यांनी फळीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. फळी कण्हली, आणि पवार सर जमिनीवरून चार बोटं वर आले. दोन्ही हात पसरून, पाण्यात उतरलेल्या म्हशीसारखे सावध.

"आवं बाई, खाली घ्या. पोरं बघत्यात."

"बघायलाच बोलीवलंय त्यास्नी. पोरांनो, टेकू कुठाय?"

"सरांच्या जवळ."

"आन् मी?"

"लांब."

"किती लांब, ते मोजा."

आम्ही पावलं मोजली. वरवंट्यापासून सर दोन पावलं, बाई सहा. "म्हंजी माझा एक किलो तिकडं तीन किलो," बाई फळीवर तोल सांभाळत म्हणाल्या. "ह्याला म्हणायचं यांत्रिक फायदा."

"फायदा तुमाला, आन् इज्जत माझी," पवार सर वरूनच म्हणाले.

"फौजेत कुणी उचललं न्हवतं व्हय सर?"

"उचलायला लावलं. उचललं कुणीच न्हाई."

बाई उतरल्या तशा पवार सर धप्पकन खाली आले. पण नंतर ते स्वतःहून विचारू लागले, "बाई, यंदा नववीचा फळीचा तास कवा हाय?"

त्या धड्याच्या चाचणीत प्रश्न आला, यांत्रिक फायदा म्हणजे काय. मी लिहिलं, 'यंत्र आणल्यावर गडी लावावे लागत नाहीत आणि मालकाचं भागतं, तो यांत्रिक फायदा.' आमच्या घरात फायदा हा शब्द मेंढरांच्या बाजाराच्या दिवशीच निघायचा, दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. बाईंनी उत्तर खोडलं नाही. खाली लाल शाईने लिहिलं, 'आणि तोटा कुणाचा?' अर्धा गुण दिला. वर्गात वही वर धरून म्हणाल्या, "हिनं चुकीचं लिवलंय, पर खोटं न्हाई लिवलं. तोटा असतोच. जोर जेवढा वाचला, तेवढं अंतर द्यावं लागतं."

मग त्यांनी कागदाचा त्रिकोण कापला. "ही उतरण." तो पेन्सिलीला गुंडाळला. "हे मळसूत्र. आमच्या वाईहनं महाबळेश्वराला जायचा घाट म्हंजी डोंगराला गुंडाळल्याली उतरणच हाय. उंची तेवढीच, चाल वाढती. एसटी बिचारी कण्हत चढती, पर चढती." मी तोवर म्हसवडपलीकडे गेले नव्हते. सगळी दुपार मनातल्या मनात एका हिरव्या डोंगराला पांढरा दोरा गुंडाळत बसले. पुढे बऱ्याच वर्षांनी इथल्या सेलमच्या डोंगरावर पहिल्यांदा बसने चढत होतो. वळणामागून वळण, खाली धुकं. नवऱ्याने विचारलं, "मळमळतंय का गं?" मी डोळे मिटूनच म्हणाले, "मळसूत्र." त्याला वाटलं, ताप चढला.

बाई जिंकायच्याच असं नाही. गावच्या विहिरीवरची कप्पी फार कुईकुई करायची. बाईंनी एक दिवस पिशवीतून तेलाची बाटली काढून आसात तेल सोडलं, आणि घागर हलकी झाली. "कुरकुर म्हंजी वाया गेलेला जोर," असं त्या म्हणत, आणि ते फक्त कप्पीला लागू नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कुणी फार तक्रार करू लागला की विचारत, "तेल देऊ का?" तर तेल देऊन झाल्यावर त्यांना हुरूप आला. म्हणाल्या, घागरीलाच आणखी एक कप्पी बांधू, दोरी तिच्यातनं घेऊ, म्हणजे निम्म्या जोरात घागर वर येईल.

माझ्या आईने विचारलं, "आन् दोरी किती वढायची?"

"दुप्पट."

"आवं बाई, हीर साठ हात खोल. जोर हाय वो आमच्यात. येळ न्हाई. एकशेवीस हात कोन वढत बसंल? घरी पोरं उपाशी."

बायका हसल्या. बाई थोडा वेळ विहिरीच्या काठाला हात लावून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "काल मी हिरीवर हरले. पुस्तकात वेळ मोजायचा राहिलाय." आणि फळ्यावर तसं लिहिलंसुद्धा.

संक्रांतीच्या आधीचा एक तास. कप्प्या चालल्या होत्या. बाईंनी दोरी ओवून विटांची पिशवी उचलून दाखवली. "सूत्र पाठ करू नगा. भाराला किती दोऱ्यांनी धरलंय ते मोजा. तेवढा फायदा." मी कधी हात वर करत नसे, चुकेल म्हणून. त्या दिवशी कसा कोण जाणे, केला.

"बाई, माणूस सोताला उचलू शकतो का?"

वर्ग खदखदला. मागनं कुणीतरी म्हणालं, "केसाला धरून." बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तेवढ्यात घंटा झाली.

"उद्या ये. दावते," त्या म्हणाल्या.

उद्या मी गेले नाही. घरी मामा आला होता. दोन वर्षं पाऊस नव्हता, मेंढरं गेली होती, आणि मामाच्या सेलमच्या दुकानात सात माणसांच्या भाकरी करायला कुणीतरी हवं होतं. घरी खाणारं एक तोंड कमी होणार होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच हो म्हटलं. नववीची बाकी पानं कोरी राहिली.

बाई घरी आल्या त्या निघायच्या आदल्या संध्याकाळी. उंबऱ्यावरच बसल्या. मला वाटलं, भांडतील. मामालाही तेच वाटलं असावं, तो आधीच म्हणाला, "बाई, तिकडं रात्रशाळा असत्यात." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "असत्यात का ते बघून आलायसा?" आईने बिनदुधाचा चहा दिला, तो त्यांनी घेतला. शेवटी पिशवीतून एक लहान लोखंडी कप्पी काढून माझ्या हातात दिली.

"ही शाळेची न्हाई, माझी हाय. भिऊ नगं." मला काय वाटेल ते त्यांना आधीच कळलं होतं. "लांब निगालीस. लांबच्या टोकाला वजन कमी वाटतं, पर हेलकावा मोठा बसतो. घट धर." आणि जाता जाता, "टेकू कुठाय ते इसरू नगं."

रात्रशाळा नव्हती. असती तरी सात जणांच्या भाकऱ्यांपुढे जाता आलं नसतं. पण ती कप्पी मी सज्जाच्या गजाला बांधली. खालच्या नळावरून पाण्याच्या बादल्या दोन मजले वर मी जिन्याने कधी आणल्या नाहीत. पुढे लग्न झालं, ते इथल्याच एका गलाईवाल्याशी. संसार वाढला, भाजी, तांदूळ, एकदा शेजारणीची शिवणयंत्राची पेटी, सगळं त्या कप्पीवरून वर आलं. शेजारणी मला 'कप्पीअक्का' म्हणतात. दर दिवाळीला मी बाईंना फोन करायची आणि ठरलेला प्रश्न यायचा, "कप्पीला तेल घालतीस न्हवं?" शाळा सोडल्याबद्दल त्यांनी एकदाही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं का, हा घोर मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला.

सुनंदाच्या फोननंतर चौथ्या दिवशी मी गाडीत बसले. पिशवीत ती जुनी कप्पी, आणखी तीन नव्या, एक जाड दोरी. दोरीवर वीत-वीत अंतरावर मी नखपॉलिशच्या लाल खुणा केल्या होत्या. गाडीत तीनदा मोजल्या. सातारला उतरून वाईची एसटी धरली.

नदीकाठचं घर. बाईंची खाट वरच्या मजल्यावर, पायांकडच्या भिंतीला खिडकी. खिडकीबाहेर कृष्णा आहे हे मला जिना चढतानाच कळलं होतं, पण खाटेवर पडलेल्या माणसाला त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं. बाई आणखी लहान झाल्या होत्या. चादरीखाली कुणी आहे की नुसती घडी, असं वाटावं. केस पांढरेशुभ्र, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला ओळखलं. डाव्या हाताने पिशवी दाखव अशी खूण केली.

मी एकेक कप्पी पोटाशी ठेवली. जुनीवर त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल बघितलं. डोळे मिटले.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, उठून बसू द्या. गवंड्याकडून खिडकीच्या वर भिंतीत जाड हूक पक्का करून घेतला. त्याला मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. मग सुनंदालाही लोंबकळायला लावलं. ती म्हणाली, "ताई, आता घर पडेल." बाईंचीच एक जुनी सुती साडी चौघडी करून त्यांच्या पाठीमागून, काखांखालून घेतली. तिची दोन्ही टोकं एका कडीत, कडीला दोन कप्प्या, दोन हुकाला, आणि दोरी चारही कप्प्यांतून फिरून परत बाईंच्या डाव्या हाताशी. एका हाताने ओढायचं, तर पुन्हा पुढे धरायला हात मोकळा हवा. म्हणून खाटेच्या कडेला लाकडाची एक खाच ठोकली. ओढायचं, खाचेत अडकवायचं, परत ओढायचं.

"बाई, भाराला चार दोऱ्या हैत," मी म्हटलं. माझा आवाज नववीतल्यासारखाच झाला. "फायदा चार."

त्यांनी ओढलं. काही झालं नाही. साडी ताणली, एवढंच. सुनंदा पुढे झाली, तेव्हा बाईंचा हात तिला थांबवायला दोरी सोडून वर आला. मी सुनंदाला मागे घेतलं. मलाही पुढे व्हायचं होतं. मी हात पाठीमागे बांधून ठेवले.

दुसऱ्यांदा ओढलं. खाचेत. परत. एक कप्पी कुईकुई करायला लागली, आणि बाईंच्या वाकड्या तोंडातून शब्द आला, "तेल." मी घातलं. मग पुष्कळ वेळ फक्त दोरीचा आवाज होता, आणि बाहेर घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. उशीवरून डोकं सुटलं. मान सावरली. दोरी वेटोळी घालत मांडीत साठत होती, बाई तिच्यातून उगवल्यासारख्या हळूहळू वर येत होत्या. इतक्या हळू, की वर येताहेत हे दिसत नव्हतं, आल्या आहेत एवढंच दिसत होतं. आणि मग त्यांची नजर खिडकीच्या चौकटीवरून पलीकडे गेली.

नदी भरून वाहत होती. बाई बघत राहिल्या.

नंतर त्यांनी मांडीतली दोरी चाचपली. लाल खुणा एकेक करून अंगठ्याखालून सरकवू लागल्या. मी कडी किती पुढे गेली ते आधीच मोजून त्यांना सांगितलं होतं, तीन विती. म्हणजे दोरी बारा विती यायला हवी. बाईंचं मोजणं बारावर थांबलं नाही. तेरा, चौदा, पंधरा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग माझ्याकडे बघितलं. वहीत चूक सापडली की बघत तसं.

"पाच," त्या म्हणाल्या.

"चार दोऱ्या हैत बाई. मी चारदा मोजल्यात."

त्यांनी डावा हात वर केला. मुठीत दोरी. ती मूठ छातीवर टेकवली, आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "ह्यो... मोजला... न्हाईस."

मला कळायला वेळ लागला. भार बाई स्वतःच होत्या. ज्या हाताने दोरी ओढली तो हातही त्या भाराचाच होता, म्हणजे पाचवी दोरी त्यांनी स्वतः धरली होती. दुसऱ्या कुणी ओढलं असतं तर फायदा चारच झाला असता.

त्यांना माझा तो वर्गातला प्रश्न आठवत होता का, ते मी विचारलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्या लाल खुणांवरून अजून अंगठा फिरवत होत्या आणि अर्धं तोंड हसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले. बाई आडव्या होत्या, डोळे मिटलेले, झोपल्या असतील म्हणून उठवलं नाही. एसटीला वेळ होता, म्हणून पुलावरून न जाता घाटाने चालत निघाले. थोडं पुढे जाऊन मागे बघितलं. हूक नीट आहे ना, हाच घोर. वरच्या खिडकीत नुसता काळोखा चौकोन होता. मी पिशवी पायरीवर ठेवून उभी राहिले. पाण्यावरून ऊन हलत होतं, ते छतावर पडून त्या चौकोनात थरथरत होतं. मग चौकटीच्या खालच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. थांबलं. खाचेत दोरी अडकवायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबलं, आणि परत थोडं वर आलं.